खरवडलेला पाऊस

मी मत्सरी माणूस आहे. साठी उलटल्यावर हे सांगायला लाज वाटत नाही. पूर्वी वाटायची, म्हणून तेव्हा मी त्याला 'शिस्त' म्हणायचो.

ब्रिस्टलच्या उत्तरेला विमानांच्या कारखान्यात मी सत्तावीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. आता ते सगळं कंप्युटरवर गेलं, पण तेव्हा आमच्या ड्रॉइंग ऑफिसात उभ्या बोर्डांच्या चार रांगा होत्या, आणि फिल्मवर, म्हणजे ट्रेसिंगच्या पारदर्शक प्लास्टिकवर, शाईनं रेघा ओढायचं काम. रेघ अशी हवी, की ती कुणी ओढली ते कळता कामा नये. अक्षरंही तशीच, सगळी कॅपिटल, उभी, एका उंचीची. त्याचं स्टँडर्ड ठरलेलं असे. नवा माणूस आला की पहिल्याच आठवड्यात मी त्याला सांगायचो, "ड्रॉइंगवर तुझा हात दिसला, तर तू चुकलास." आणि चूक झालीच तर वाळलेली शाई ब्लेडनं खरवडायची, अगदी अलगद, फिल्मला ओरखडा न पाडता. त्या खरवडण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. ही बढाई नाही. ऑफिसात कुणालाही विचारावं.

एक्याऐंशीच्या अखेरीस शशिधर आला. कॉव्हेंट्रीत तो ज्या कारखान्यात होता तो बंद पडला होता. चौतीस वर्षांचा, एकटा जीव, बिशप्स्टनमध्ये एका खोलीत राहायचा. त्याचा बोर्ड माझ्या शेजारी आला. मराठी माणूस म्हटल्यावर मी त्याला पंखाखाली घेतलं. अक्षरं गिरवून घेतली, ब्लेड कसं धरायचं ते दाखवलं, आणि दर शुक्रवारी घरी जेवायला बोलावू लागलो. तो मला जयंतराव म्हणायचा, माझ्या बायकोला, नंदाला, वहिनी. जेवण झालं की ताट स्वतः धुवायचा. नंदाला ते फार आवडायचं. मला तेव्हा त्याचं काही वाटत नव्हतं. माझ्या हाताखालचा माणूस आहे, शिकतोय, इतपत होतं.

नंदा कौन्सिलच्या लायब्ररीत होती. त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरमध्ये ती एक पत्रक घेऊन आली. अमेरिकेतल्या चित्रकारांची जुनी रेखाटनं शहराच्या म्युझियममध्ये महिनाभर येणार होती. "तुम्ही दोघं दिवसभर रेघाच ओढता ना, मग चला," ती म्हणाली. रविवारी आम्ही तिघं गेलो. शिल्पा, आमची मुलगी, मैत्रिणीकडे होती.

तिथं एका कोपऱ्यात एमेट लोरिंग नावाच्या माणसाचं एक कोळशाचं रेखाटन होतं. १९१७ सालचं, एखाद्या वर्तमानपत्राच्या पानाएवढं. टेकड्यांवर पाऊस. टेकड्या कसल्या, काळे तुटके ठोकळे एकमेकांवर रचलेले, खाली एक वाकडी वाट, झाड म्हणून तीन फटकारे. सगळा कागद कोळशानं भरून काढलेला आणि त्यातून वरपासून खालपर्यंत तिरप्या फिक्या पट्ट्या. मी जवळ जाऊन पाहिलं. माझ्या धंद्यात तिरप्या समांतर रेघांचा अर्थ ठरलेला असतो: इथून धातू कापला आहे, आतला भाग दाखवला आहे. इथं काही कापलेलं नव्हतं आणि पट्ट्या समांतरही नव्हत्या. एक जाड, एक मध्येच विरलेली. आमच्याकडे असं ड्रॉइंग तपासणाऱ्याच्या टेबलावरून परत आलं असतं.

नंदा त्याच्यासमोर अकरा मिनिटं उभी होती. मी घड्याळ बघत होतो.

मग ती म्हणाली, "अहो, पाऊस त्यानं काढलेलाच नाही. पुसलाय."

"मग आपण खोडरबर बघायला आलोय होय," मी म्हणालो. ती हसली नाही. शशिधर तिच्यापासून चांगला दोन हात लांब उभा होता, पण त्याचंही लक्ष तिथंच खिळलेलं. दोघं एकमेकांकडे बघत असते तर मला राग आला असता आणि तो मला झेपला असता. दोघं एकाच गोष्टीकडे बघत होते आणि ती गोष्ट मला दिसत नव्हती. तिथून माझ्या पोटात दुखायला लागलं.

चुकीचा अर्थ कुणी काढू नये. नंदाबद्दल मला कधी संशय आला नाही, शशीबद्दलही नाही. मला हवं होतं ते एवढंच, की नंदानं एकदा, एकदाच, माझ्या कागदासमोर तशी अकरा मिनिटं उभं राहावं. सोळा वर्षांच्या संसारात माझं कुठलं ड्रॉइंग तिनं तीस सेकंदांच्या वर पाहिलं नव्हतं. त्यात तिची चूक नव्हती. विमानाच्या चाकाची बिजागरी किती वेळ बघणार?

घरात माझी कलाकुसर म्हणाल तर मसाल्याच्या बरण्या. कॉफीच्या रिकाम्या अठरा बरण्या नंदानं मांडणीवर लावल्या होत्या आणि मी त्यांच्यावर ड्रॉइंग ऑफिसच्या शाईनं, ड्रॉइंग ऑफिसच्या अक्षरांत नावं घातली होती. MOHRI, JEERE, MIRI, DHANE POOD. इंग्रजीत, कारण शिल्पाला मराठी वाचता येत नाही, आणि देवनागरीचं स्टँडर्ड आमच्या ऑफिसात कुणी ठरवलेलं नव्हतं. पाहुणे आले की नंदा कौतुकानं दाखवायची, "यांचं अक्षर बघा, छापल्यासारखं." ते मला पुरत होतं. ऑक्टोबरपर्यंत.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी शशिधर काखेत एक मोठी नळी घेऊन आला. आत त्याचं स्वतःचं चित्र होतं. ऑफिसच्या रद्दीतला फिल्मचा तुकडा त्यानं आधी काळ्या शाईनं गच्च भरला होता आणि मग ब्लेडनं खरवडून एव्हनमाउथची गोदी काढली होती. क्रेन, शेडची छपरं, पलीकडे नदीचं पाणी, आणि सगळ्यावर पाऊस. पाऊस खरवडलेला. कुठं शाई पूर्ण निघालेली, कुठं नुसती पातळ झालेली, आणि पाण्याजवळ तर ब्लेड मध्येच उचलून घेतलेलं.

लोरिंगनं रबर वापरला होता, यानं ब्लेड. आमचं ब्लेड. चूक लपवायचं हत्यार घेऊन यानं पाऊस पाडला होता. हे त्याचं स्वतःचं होतं, कुणाचं उचललेलं नव्हतं. मला ते पहिल्या क्षणी कळलं, आणि पुढचं सगळं मी ते कळल्यावरच केलं, हे इथं लिहून ठेवतो.

नंदानं पोळी तव्यावर टाकली होती. ती गॅस बंद करून आली, हात पुसले आणि चित्रासमोर उभी राहिली. किती वेळ ते मी या वेळी मोजलं नाही. पोळी कडक झाली आणि ती माझ्याच ताटात आली.

"वहिनी, ओपन एक्झिबिशनला देऊ का?" शशीनं विचारलं. शहरातल्या हौशी चित्रकारांचं दर वसंतात एक प्रदर्शन भरायचं. तिनं हो म्हटलं. मी म्हटलं, मीही देणार आहे. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी विमान उडवायला निघालोय.

मी क्लिफ्टनचा झुलता पूल काढला. सहा आठवडे रोज संध्याकाळी. केबल, लोखंडी दांडे, खालची दरी, सगळं मापात. त्यावर गुण्यानं साठ अंशांत पाऊस घातला, चारशे बारा रेघा, एकीलाही फाटा नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कमिटीची पत्रं आली. शशीचं चित्र घेतलं, नंबर त्रेसष्ट. माझं 'जागेअभावी' परत.

नंदानं समजूत घालायचा प्रयत्न केला. "तुमचा पूल अगदी बरोबर आहे हो," ती म्हणाली. बरोबर! नापास मुलाला हस्ताक्षराचे मार्क दिल्यासारखं. ऑफिसात शशीनं केक आणला, सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मीही मारली, जरा जोरात. जसा गुरू तसा चेला, असं कुणीतरी म्हणेल असं वाटत होतं, पण इंग्रजांत ती म्हण नसावी. माझं नाव कुणी घेतलं नाही. शशीनंही नाही, निदान माझ्या कानावर आलं नाही.

त्यानंतरचा रविवार. नंदा शिल्पाला पोहायला घेऊन गेली होती. मी जेवणाच्या टेबलावर साधा कागद घेतला आणि कमिटीला निनावी पत्र लिहिलं: त्रेसष्ट नंबरचं चित्र ही चोरी आहे, एमेट लोरिंगचं १९१७ सालचं पावसाचं रेखाटन ऑक्टोबरमध्ये याच शहरात लागलं होतं, त्याची ही सरळ नक्कल आहे, कमिटीला हे ठाऊक नसेल तर लाजिरवाणी गोष्ट आहे. खाली 'एक कलाप्रेमी'. माझं नेहमीचं वळणदार अक्षर कुणी ओळखेल म्हणून मी ते सगळं ड्रॉइंग ऑफिसच्या कॅपिटल अक्षरांत लिहिलं. स्टँडर्ड म्हणजे कुणाचंच नाही. सोळा वर्षं मी हेच शिकवत आलो होतो आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास होता. इतका, की मी पट्टी ठेवून ओळी आखल्या, आणि नंतर त्या पुसूनही टाकल्या. पत्र घराजवळच्या पेटीत न टाकता चालत ग्लॉस्टर रोडला जाऊन टाकलं. येताना छान हलकं वाटत होतं.

पुढच्या शुक्रवारी शशिधर नेहमीसारखा सहाला आला. आमच्याकडे स्वयंपाकघरातच छोटं टेबल होतं, तिथं बसला. नंदा कोशिंबिरीच्या तयारीत होती. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. पत्राची फोटोकॉपी.

"जयंतराव, कमिटीच्या सेक्रेटरीनं दिलं मला. शी वॉज व्हेरी नाइस अबाउट इट. ऑफिसातल्याच कुणाचं तरी दिसतंय. तुम्ही सगळ्यांचे हात ओळखता. कुणाचं असेल?"

मी कागद हातात घेतला. स्वतःचं पत्र दुसऱ्याचं म्हणून वाचायला फार वेळ लागतो. "स्टँडर्ड आहे. कुणाचंही असेल," मी म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण तो माझ्याकडे बघतच राहिला, आणि खाई त्याला खवखवे.

"डेरेकचं वाटतं," मी म्हणालो.

डेरेक खिडकीजवळ बसायचा. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती. बागेत लीक, म्हणजे पातीच्या कांद्यासारखी भाजी, लावायचा आणि त्याखेरीज कशावर बोलायचा नाही. त्या बिचाऱ्यानं आयुष्यात म्युझियमची पायरी चढली नसेल.

"डेरेक?" शशी म्हणाला. "ही ईट्स लंच विथ मी, जयंतराव."

"माणसाचं काय सांगता येतं."

"बघू," म्हणत नंदानं माझ्या हातून कागद घेतला आणि ओट्यापाशी नेऊन वाचू लागली. कढल्यात फोडणीचं तेल तापत होतं. वाचता वाचता सवयीनं तिचा हात मांडणीवर गेला, मोहरीची बरणी खाली आली आणि कागदाशेजारी टेकली. माझ्या आर या अक्षराचा उजवा पाय जरा लांब असतो, रेघेच्या खाली निसटतो. स्टँडर्डमध्ये तो तसा नाही. मला हे ठाऊक नव्हतं. सोळा वर्षं दुसऱ्यांचे हात पकडणाऱ्या मला स्वतःचा हात कधी दिसला नव्हता. मला ते त्या क्षणी कळलं, कारण नंदाची नजर कागदावरून बरणीवर गेली, बरणीवरून पुन्हा कागदावर, मग मांडणीवरच्या बाकीच्या सतरा बरण्यांवरून सावकाश फिरली. तेलातून धूर यायला लागला. तिनं गॅस बंद केला.

ती माझ्याकडे वळली नाही. शशीला तिनं विचारलं, "मग आता चित्र काढून टाकणार का ते?"

"छे हो, वहिनी. मी फॉर्मवर आधीच लिहिलं होतं ना, हे लोरिंगवरून सुचलं म्हणून. सेक्रेटरी म्हणाली, पत्र लिहिणाऱ्यानं उगीच तसदी घेतली. तिनं मला दिलं ते एवढ्यासाठी, की माझ्या ओळखीत असं कुणी आहे हे मला माहीत असावं."

जेवण झालं. कोशिंबिरीला फोडणी नव्हती. शिल्पा शाळेतल्या कुठल्याशा सहलीचं सांगत होती, तेवढाच आवाज. शशीनं ताट धुतलं. मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो. कोट चढवून झाल्यावर तो थांबला.

"पहिले तीन महिने मी तुमचा आर गिरवलाय, जयंतराव. मला सेक्रेटरीच्या हातातलं पाकीट बघूनच कळलं होतं. मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं." मग म्हणाला, "डेरेकचं नाव घ्यायला नको होतं."

मी त्याच्यासाठी बाहेरचा दिवा लावला. 'चुकलो' हा शब्द मराठीत तीन अक्षरांचा आहे आणि इंग्रजीतही काही फार मोठा नाही. तो फाटक लावून गेला.

शनिवारी सकाळी मी चहा करायला खाली आलो, तर मांडणीवरच्या अठराही बरण्या कोऱ्या होत्या. माझ्या पेटीतलं ब्लेड सिंकपाशी पुसून ठेवलेलं होतं. तिला ब्लेडचा हात नव्हता, त्यामुळे शाई निघाली होती पण प्रत्येक काचेवर बारीक तिरपे ओरखडे राहिले होते. ती टेबलापाशी चहा पीत बसली होती. मी बरण्यांकडे बघितलं आणि मग तिच्याकडे.

"उद्या प्रदर्शनाला जायचंय," ती म्हणाली. "तुम्हीही या."

मी गेलो. नाही म्हणायची सोय नव्हती. हॉलमध्ये माणसं बरीच होती. मांजरं, फुलदाण्या, कुणाचं तरी नातवंड. त्रेसष्ट नंबर दाराच्या उजव्या हाताला. त्या प्रदर्शनाची पद्धत अशी, की चित्राखालचं कार्ड चित्रकारानं स्वतःच्या हातानं लिहायचं. शशीनं ड्रॉइंग ऑफिसच्या अक्षरांत लिहिलं होतं. फिल्मवर काळी शाई, खरवडलेली. पाऊस एमेट लोरिंगकडून. ब्लेड जयंत खांबेटे यांच्याकडून.

कार्डावर तारीख होती, फॉर्म भरला त्या दिवसाची. माझ्या पत्राच्या तीन आठवडे आधीची. आणि इंग्रजीत लिहिलेल्या त्या तीन ओळींतल्या प्रत्येक आरचा उजवा पाय रेघेखाली निसटलेला होता.

नंदा त्या कार्डासमोर उभी राहिली. चित्रासमोर नव्हे, कार्डासमोर. फार वेळ. तिनं ज्यासमोर तसं उभं राहावं म्हणून मी जळत होतो, ते तिथं होतं. माझं नाव, माझं अक्षर, भिंतीवर, काचेखाली. ते दुसऱ्यानं लिहिलेलं होतं.

खरं सांगायचं तर त्या क्षणीही मला शरम आली ती नंतर. आधी माझी नजर पाण्याजवळच्या पावसावर गेली, जिथं त्यानं ब्लेड मध्येच उचललं होतं, आणि मनात आलं, हे मला जमलं नसतं. मेल्यानं काय सुरेख उचललंय. मी त्याला ब्लेड दिलं, ते कधी उचलायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तिथं उभा राहून मी त्याचा पुन्हा पहिल्याइतकाच हेवा केला, आणि मग मला माझी किळस आली.

शशिधर त्यानंतर शुक्रवारी आला नाही. मी बोलावलं नाही, नंदानंही नाही. ऑफिसात तो माझ्याशी नीट बोलायचा, जयंतरावच म्हणायचा. डेरेकबरोबर जेवायचा. दोन वर्षांनी लीड्सला चांगली नोकरी लागली तेव्हा सगळ्यांच्या बोर्डापाशी जाऊन निरोप घेतला, तसा माझ्याही. मी तेव्हा म्हणणार होतो. त्याच्या हातात हात देऊन मी म्हणालो, "लीड्सला थंडी फार."

माझा पूल माळ्यावर आहे, चारशे बारा रेघांसकट.

या सगळ्याला आता पंधरा वर्षं झाली. बरण्या त्याच आहेत. मोहरी, हळद, तिखट हे डोळ्यांना कळतं, पण धन्याची पूड आणि जिऱ्याची पूड एकाच रंगाची. रिटायर झाल्यापासून दुपारचा स्वयंपाक मी करतो. झाकण उघडून वास घेतो, तरी माझी खात्री होत नाही आणि मला नंदाला विचारावं लागतं. ती हातातलं काम न थांबवता सांगते, डावीकडची धने, उजवीकडची जिरे. कधी वैतागत नाही. माझी शाई, माझं पेन अजून ड्रॉवरमध्ये आहे, हे तिला ठाऊक आहे. बरण्यांवर पुन्हा नावं घाला, असं ती एकदाही म्हणालेली नाही.